बिनहातांचा सारथी

गेल्या दसऱ्याला माझ्या पुतण्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू असे सारे यथासांग झाले, आणि घरातला वडील माणूस म्हणून पहिली लांबची फेरी मारण्याचा मान मला मिळाला. मी चाळीस वर्षांवर मोटार चालवतो आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेल्या जुन्या फिअ‍ॅटवर मी हात बसवला. घाटात इंजिन तापले की बाटलीभर पाणी ओतून वाट पाहणाऱ्यांच्या पिढीतला मी. त्यामुळे पुण्याहून मुंबईकडे निघून द्रुतगती मार्गाला लागल्यावर पुतण्याने शेजारून एक बटन दाबले आणि "काका, आता हात जरा सैल सोडा" म्हणाला, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला हे कबूल केले पाहिजे.

चाक माझ्या तळव्यांखाली आपोआप फिरू लागले. पुढचा ट्रक हळू झाला की आम्ही हळू, तो सुटला की आम्ही सुटलो. पाच-सात मिनिटांत माझी भीती गेली आणि तिच्या जागी कौतुक आले. कौतुक रंगात आले असतानाच, वरून जाणाऱ्या एका पुलाची सावली रस्त्यावर आडवी पडली होती, ती पाहून गाडीने करकचून ब्रेक मारला. समोर चिटपाखरू नव्हते. मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याने हॉर्नचा असा काही भोंगा लावला की तो अजून माझ्या कानात आहे. तो बाजूच्या लेनमध्ये वळला म्हणून हे लिहायला मी उरलो.

आणि त्याच संध्याकाळी, घराजवळच्या गल्लीतून एक पोर सायकलवरून बाणासारखे बाहेर आले. माझा पाय ब्रेककडे निघायच्या आत गाडी थांबलेली होती. पोर आणि बंपर यांच्यामध्ये हातभर अंतर होते. पोराने माझ्याकडे रागाने पाहिले आणि ते निघून गेले.

ज्या यंत्राने सकाळी आम्हाला मारता मारता सोडले, त्यानेच संध्याकाळी कुणाचे तरी लेकरू वाचवले. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा बिनहातांचा सारथी आला तरी कुठून, त्याला गाडीत प्रथम कुणी बसवले, याचा शोध घ्यावा असे मनाने घेतले. तो शोध मला जिथे घेऊन गेला ते ठिकाण अगदीच अनपेक्षित होते. मोटारीत पहिला मदतनीस बसवला तो एका आंधळ्या माणसाने.

राल्फ टीटर हे त्याचे नाव. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हेगर्सटाउन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १८९० साली त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना खेळता खेळता चाकू डोळ्याला लागला, आणि एका डोळ्याची इजा दुसऱ्यालाही घेऊन गेली. घरचा कारखाना होता. रेल्वेमार्गाची तपासणी करायच्या लहान गाड्या तिथे बनत. मुलगा आंधळा झाला म्हणून घरच्यांनी त्याला कोपऱ्यात बसवले नाही. तो कारखान्यात वाढला, लोखंड हातांनी ओळखू लागला, आणि बाराव्या वर्षी चुलतभावाबरोबर त्याने एक मोटारगाडी बनवलीसुद्धा. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ साली यंत्रशास्त्राची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात आरमाराच्या विनाशिकांवरच्या वाफेच्या टर्बाइनचे फिरते दांडे तोलून देण्याचे काम त्याच्याकडे आले. दांड्याचा तोल किंचित बिघडला तरी तो थरथरतो. ही थरथर डोळसांना जिथे कळत नव्हती तिथे टीटरच्या बोटांना कळत होती. घरचा कारखाना पुढे पिस्टनच्या कड्या बनवणारी 'परफेक्ट सर्कल' नावाची मोठी कंपनी झाला आणि टीटर तिचा अध्यक्ष झाला. १९३६ साली तर अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएई या संस्थेने, त्याला आपल्या अध्यक्षपदी बसवले.

अशा माणसाला मोटार चालवता येत नव्हती, पण मोटारीत बसावे तर रोज लागे. त्याचा वकील त्याला गाडीतून नेत असे. या वकीलसाहेबांची एक खोड होती: स्वतः बोलू लागले की पाय सैल पडून गाडी मंदावे, टीटर बोलू लागला आणि ते ऐकू लागले की गाडी वेग घेई. शेजारी बसलेल्या डोळसाला खिडकीबाहेरच्या देखाव्यात हे कळलेही नसते. टीटरला तर गाडी म्हणजे नुसते धक्के आणि हिसकेच होते. त्यातच दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल व रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा आली. ती पाळायची तर पाय एका जागी स्थिर हवा. वैतागलेल्या टीटरने ठरवले की या पायाला शिस्त लावायची.

त्याच्या यंत्राला १९५० च्या ऑगस्टमध्ये पेटंट मिळाले. त्या पेटंटाचे शीर्षक मी मुद्दाम वाचले. 'अ‍ॅक्सिलरेटर दाबण्यास प्रतिकार करणारी वेगनियंत्रक योजना' अशा अर्थाचे ते आहे. प्रतिकार करणारी! ठरलेला वेग आला की पायाखालचा पेडल घट्ट होई आणि चालकाला सांगे की बाबा रे, आता पुरे. म्हणजे मूळ कल्पना पायाला सुट्टी देण्याची नव्हती, पायाला जागे ठेवण्याची होती. वेग कुलूपबंद करून पाय काढून घेण्याची सोय त्याला मागून जोडली गेली, आणि लोकांना भावली ती हीच सोय. १९५८ च्या वर्षाच्या म्हणून आलेल्या क्रायस्लर कंपनीच्या महागड्या गाड्यांत हे यंत्र प्रथम बसले. कंपनीने त्याला नाव दिले 'ऑटो-पायलट'. पुढे कॅडिलॅकवाल्यांनी 'क्रूझ कंट्रोल' म्हटले आणि ते रुळले.

ऑटो-पायलट या पहिल्याच नावावर जरा थांबावेसे वाटते, कारण पुढच्या कित्येक घोटाळ्यांचे मूळ त्यात आहे. शब्द विमानांतून आला. १९१४ च्या जून महिन्यात पॅरिसजवळ सीन नदीवर विमानांच्या सुरक्षिततेची स्पर्धा भरली होती. लॉरेन्स स्पेरी हा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आपले पाण्यावर उतरणारे विमान घेऊन आला. विमानात भोवऱ्यासारखी फिरणारी चक्रे होती, ती विमानाचा तोल आपोआप सांभाळीत. परीक्षकांसमोरून जाताना स्पेरीने दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीला त्याचा फ्रेंच मेकॅनिक कॅशँ पंखावर जाऊन उभा राहिला, तरी विमान कलले नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि पन्नास हजार फ्रँकांचे बक्षीस स्पेरीला मिळाले. मौज अशी की या मुलाचे वडील एल्मर स्पेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लीव्हलंडमध्ये विजेच्या मोटारी बनवल्या होत्या. म्हणजे विजेची गाडी बापाची आणि हात सोडण्याची हौस मुलाची, हे दोन्ही एकाच घरात शंभर वर्षांपूर्वी नांदत होते!

पण आकाशात चोहीकडे मोकळे असते. रस्त्यावर गाय असते, सायकल असते, लग्नाची वरात असते. तरीही माणसाला मोह आवरला नाही. १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बिनतारी संदेशांनी हाकलेली रिकामी मोटार फिरवून दाखवली गेली. हाकणारे लोक मागच्या गाडीत बसलेले होते, तेव्हा हा प्रकार निम्मा कठपुतळीचाच. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने 'फ्यूचरामा' नावाचा देखावा उभारला. नॉर्मन बेल गेडीस याने तो रचला होता. सरकत्या खुर्च्यांवर बसून लोक १९६० सालची अमेरिका पाहत: बहुपदरी रस्ते आणि एकमेकांपासून ठरावीक अंतर आपोआप राखून धावणाऱ्या मोटारी. बाहेर पडताना छातीवर लावायला 'मी भविष्यकाळ पाहिला आहे' असा बिल्ला मिळे. १९६० आले आणि गेले. बिल्लेवाल्यांना रस्ते मिळाले, पण मोटारी चालवाव्या लागल्या त्यांच्याच हातांनी.

खरी प्रगती झाली ती दिमाखाने न होता मुकाट्याने. १९७८ साली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत बॉश कंपनीने एबीएस बसवले. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर चाके जखडून गाडी घसरू नये म्हणून हे यंत्र ब्रेक क्षणाक्षणाला सोडते व धरते. १९९५ साली गाडीचा तोल सावरणारी ईएसपी ही योजना आली. ती प्रथम श्रीमंतांच्याच गाड्यांत होती. १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटारविषयक नियतकालिकाने मर्सिडीझची लहान ए-क्लास गाडी, समोर सांबर आडवे आल्यावर चालक जशी झटकन वळवेल तशी वळवून पाहिली, आणि गाडी चक्क उलटली. कंपनीची जगभर शोभा झाली. मग तिने ही महागडी योजना त्या छोट्या गाडीत सर्रास बसवली. एका न आलेल्या सांबराने किती जीव वाचवले असतील, देव जाणे. हे मदतनीस कुणी मिरवत नाही, त्यांना भारदस्त नावे नाहीत. चालक चुकल्यावरच ते पुढे येतात आणि काम झाले की मागे जातात. जुन्या वाड्यांतल्या गड्यांसारखे.

हात सोडण्याच्या हौसेचा धागा इकडे चालूच होता. म्युनिकजवळच्या लष्करी विद्यापीठात एर्न्स्ट डिकमन्स या प्राध्यापकाने एका मोठ्या व्हॅनला कॅमेऱ्याचे डोळे आणि संगणकाचा मेंदू दिला, आणि १९८७ साली ती मोकळ्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटर वेगाने धावली. १९९५ साली त्याच्या मंडळींची मोटार म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सेला जाऊन परत आली. सोळाशेहून अधिक किलोमीटरांच्या त्या प्रवासात सुमारे ९५ टक्के वाट तिने स्वतः काटली. माणसाने हात न लावता सलग गेलेले सर्वांत लांब अंतर १५८ किलोमीटर. त्याच वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले दोन संशोधक देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. त्यांच्या गाडीचे चाक ९८ टक्के वाट संगणकाने फिरवले. वेग आणि ब्रेक मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवले होते.

९५ टक्के, ९८ टक्के! परीक्षेत इतके गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. पण घरून कचेरीत जाताना शंभरांतली दोन-पाच वळणे गाडी चुकणार असेल, तर त्या गाडीत बायकोमुलांना बसवाल का? उरलेले दोन टक्के हीच खरी गोष्ट आहे, आणि गेल्या दहा वर्षांतली सारी कहाणी त्या दोन टक्क्यांची आहे.

या कहाणीत विजेची मोटार कशी शिरली तेही सांगायला हवे. विजेच्या मोटारी नव्या नव्हेत. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरांचा पल्ला प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी नवऱ्याची गाडी सोडून विजेची गाडी चालवीत असे. १९१२ साली कॅडिलॅकला बटनावर चालू होणारा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीची कदर गेली. शतकाच्या अंताला ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर संगणक होता. विजेच्या मोटरला हुकूम दिला की क्षणार्धात ती तो पाळते. इंजिनासारखी गिअरची आणि वाफ धरण्याची भानगड नाही. शिवाय बॅटरी मोठी, त्यामुळे कॅमेरे, रडार आणि संगणक यांना पोसायला वीज भरपूर. आणि सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे या गाडीचे ज्ञान मोबाइलसारखे हवेतून बदलता येते. रात्री गाडी एका स्वभावाची झोपते आणि सकाळी दुसऱ्या स्वभावाची उठते. पुतण्या म्हणतो ही सोय आहे. मला तरी रोज नवा ड्रायव्हर ठेवल्यासारखे वाटते.

टेस्ला कंपनीने २०१४ च्या ऑक्टोबरपासून आपल्या गाड्यांत कॅमेरा, रडार वगैरे सामग्री बसवायला सुरुवात केली, आणि वर्षभराने, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये, एके दिवशी हवेतूनच त्या गाड्यांना चाक फिरवण्याची विद्या पाठवली. नाव तेच जुने: 'ऑटोपायलट'. सूचना मात्र अशी की हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर ठेवावेत. नावाने एक सांगायचे आणि सूचनेने दुसरे, असा हा कारभार. लोकांनी नावावर विश्वास ठेवला.

७ मे २०१६. फ्लोरिडातल्या विलिस्टन गावाजवळ, लख्ख दुपार. समोरून येणारा एक ट्रेलर रस्ता ओलांडून डावीकडे वळत होता. ऑटोपायलटवर ताशी सुमारे ११९ किलोमीटरने धावणारी मोटार ब्रेक न लागता ट्रेलरच्या पोटाखाली शिरली. चालक जागीच गेला. ट्रेलर पांढरा होता आणि त्यामागचे आकाश उजळ होते. आणि आडव्या जाणाऱ्या वाहनासाठी त्या यंत्राची रचनाच नव्हती. तपास मंडळाचा अहवाल २०१७ साली आला. त्यातला एक आकडा मी विसरू शकत नाही. त्या प्रवासात ऑटोपायलट ३७ मिनिटे चालू होते, आणि तेवढ्या वेळात चालकाचा हात चाकाला लागलेला यंत्राला जाणवला तो फक्त २५ सेकंद. मंडळाने दोष तिघांनाही दिला: वाट न देणाऱ्या ट्रकवाल्याला, यंत्रावर विसंबलेल्या चालकाला, आणि इतका वेळ विसंबून राहू देणाऱ्या रचनेला.

२०१८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात याच कंपनीची दुसरी गाडी दोन रस्ते फुटतात तिथल्या कठड्यावर आदळली. गाडी त्याच जागी डावीकडे ओढते असे त्या चालकाने घरच्यांना आधीच सांगितले होते. तो स्वतः अभियंता होता. धोका ठाऊक, जागा ठाऊक, तरी त्या सकाळी त्याच्या फोनवर खेळ चालू होता. असे का व्हावे? हा मूर्खपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. मीही तसेच म्हटले असते, पण मग माझ्या हाती नॉर्मन मॅकवर्थचे नाव लागले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाला प्रश्न पडला होता की रडारच्या पडद्याकडे टक लावून बसलेली तरबेज माणसेसुद्धा समोर उमटलेला ठिपका का चुकवतात? केंब्रिजच्या मॅकवर्थने एक घड्याळ केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक उडी मारी आणि क्वचित कधीतरी एकदम दोन. दुप्पट उडी दिसली की बटन दाबायचे, एवढेच काम. दोन तास. मॅकवर्थचा निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाला: पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष ढासळू लागते. काम अवघड असते म्हणून नव्हे. काही घडतच नाही म्हणून. पुढे १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या विदुषीने 'स्वयंचलनातील विसंगती' अशा अर्थाचा एक छोटा निबंध लिहिला. तिचे म्हणणे असे की सोपी कामे आपण यंत्राला देतो आणि यंत्राला न जमणारी तेवढी माणसाकडे ठेवतो. मग तासन्‌तास रिकाम्या बसलेल्या, सवय मोडलेल्या माणसाने सर्वांत बिकट क्षणी एकदम कामाला लागावे अशी अपेक्षा करतो. मोटारींविषयी तिने लिहिले नव्हते. ती कारखान्यांविषयी बोलत होती.

याची प्रचीती मला समृद्धी महामार्गावर आली. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. दिवाळीनंतर भाचीच्या साखरपुड्याला नागपूरला जायचे होते. चाकावर मीच होतो, यंत्र चालू होते, सरळ काळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना कापसाची वावरे. जालना मागे पडल्याची पाटी मी पाहिली हे आठवते. त्यानंतरचे आठवते ते सिंदखेडराजाच्या फाट्याची पाटी. मधले सारे कोरे. डोळे उघडे होते, मी झोपलो नव्हतो. पण त्या वेळात समोर म्हैस आली असती तर ती गाडीने पाहिली असती की नाही, त्यावर सारे अवलंबून होते. हिने शेजारून विचारले, "अहो, गप्प का झालात?" मी म्हटले, "विचार करतोय." विचारही करत नव्हतो.

आता माझ्या त्या सावलीच्या ब्रेकाकडे येतो. अमेरिकेत याला भुताटकीचा ब्रेक म्हणतात. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी खात्याने टेस्लाच्या सुमारे चार लाख सोळा हजार गाड्यांची चौकशी मांडली, कारण नऊ महिन्यांत ३५४ चालकांनी तक्रार केली होती की गाडी विनाकारण ब्रेक मारते. कंपनीने त्याआधी, २०२१ साली, तिथल्या नव्या गाड्यांतून रडार काढून केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली होती. उलट त्याच खात्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुसरी चौकशी सुरू केली होती ती याच्या नेमक्या विरुद्ध तक्रारीची: रस्त्यात उभे असलेले अग्निबंब, पोलिसांच्या गाड्या समोर दिसत असूनही मोटारी त्यांवर जाऊन आदळल्या होत्या. नसलेल्याला भिते आणि असलेल्याला भीत नाही, हे कसले यंत्र?

यामागचे कारण समजले तेव्हा मला त्या यंत्राची जरा कीवच आली. रडारला हलती वस्तू ओळखणे सोपे जाते, कारण तिच्यावरून परतणाऱ्या लहरीत फरक पडतो. पण स्थिर वस्तू रस्त्यावर हजारो: पाट्या, कठडे, पूल, डबाबाटल्या. प्रत्येकीला पाहून ब्रेक मारायचा तर गाडी चालायचीच नाही. म्हणून भर वेगात स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करायला तिला शिकवलेले असते. कॅमेऱ्याला उलट सावली आणि खड्डा, चित्र आणि माणूस यांतला भेद करावा लागतो. भित्रे केले तर ते सावलीला दचकते, धीट केले तर उभ्या बंबाला धडकते. या दोहोंच्या मधली रेषा कुणीतरी अभियंता दूरच्या शहरात बसून आखतो, आणि ती कुठे आखली ते चालकाला कुणी सांगत नाही.

तरी यंत्राचा नुसता कैवार किंवा नुसता धिक्कार मला करता येत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने अपघातांचा हिशेब मांडला तेव्हा आढळले की टक्कर होणार असे दिसताच इशारा देऊन आपोआप ब्रेक मारणारी योजना असलेल्या गाड्यांचे पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झाले. याच संस्थेने २०२४ साली चाक फिरवून देणाऱ्या १४ योजनांत चालकाला जागे ठेवण्याची सोय किती आहे ते पाहिले, तर ११ योजना निकृष्ट ठरल्या आणि केवळ एक समाधानकारक निघाली. म्हणजे संध्याकाळी पोर वाचवणारा गडी आणि सकाळी सावलीला भिणारा सारथी एकाच पेटीत बसले असले तरी त्यांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. विकणारे तो एकत्र मांडतात.

चालकही काही कमी नाहीत. हात चाकावर आहे असे यंत्राला भासावे म्हणून काहींनी चाकाच्या आऱ्यांत नारिंग खुपसले. एका इसमाने तर चाकाला लावायचे वजनच बाजारात आणले, आणि २०१८ साली सरकारला ते बंद करावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला अमेरिकेत वीस लाखांवर गाड्यांना अधिक इशारे पाठवावे लागले. गाडी गॅरेजात न नेता, हवेतूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने २०१९ च्या एका जीवघेण्या अपघातासाठी चालकाबरोबर कंपनीलाही जबाबदार धरून सुमारे चोवीस कोटी डॉलरांचा भुर्दंड ठोठावला. चीनमध्ये २०२५ च्या मार्चअखेर शाओमी कंपनीची विजेची मोटार ताशी ११६ किलोमीटरने आपली आपण धावत असताना रस्तादुरुस्तीच्या अडथळ्याशी आली. यंत्राने इशारा देऊन गाडी माणसाच्या हवाली केली आणि काही सेकंदांत ती कठड्यावर आदळली. तीन तरुण मुली गेल्या. त्यानंतर चीनच्या सरकारने जाहिरातींत फुगवलेली नावे वापरण्याला लगाम घातला. तिकडे युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओलांडली की बजावणारी आणि चालक पेंगला की टोकणारी यंत्रे सक्तीची झाली. गाडीत बसलो की सासू शेजारी बसल्यासारखे वाटते, अशी तिकडच्या चालकांची ओरड आहे. टीटरच्या पायाखालचा घट्ट होणारा पेडल याच्या पंक्तीला अगदी शोभला असता.

जाता जाता एक सांगायचे राहिले. यंत्र किती चालवते आणि माणूस किती, याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या २०१४ साली ठरवल्या गेल्या. त्या ठरवणारी संस्था म्हणजे एसएई. टीटर जिचा अध्यक्ष होता तीच. आपल्याकडे मिळणाऱ्या गाड्यांच्या पत्रकात 'लेव्हल टू' म्हणून जे अभिमानाने छापतात, त्याचा अर्थ एवढाच की चाक आणि वेग यंत्र सांभाळील, पण जबाबदारी सर्वस्वी तुमची.

आपल्याकडे ही विद्या साधारण २०२० पासून आली, आणि आता चाकणला बनणाऱ्या विजेच्या मोटारींतही ती आहे. पण आपले रस्ते डिकमन्सच्या रस्त्यांसारखे नाहीत. पावसाळ्यानंतर लेनचे पट्टे पुसलेले असतात. पुढच्या गाडीशी यंत्राने राखलेले अंतर म्हणजे दुचाकीवाल्याला कट मारून घुसायचे आमंत्रण. तो घुसला की गाडी ब्रेक मारणार, मागचा शिव्या देणार. आणि उसाच्या हंगामात रात्री, दिवा नसलेली, दोन्ही बाजूंना वाढे लोंबणारी ट्रॉली पुढे असली तर ती वस्तू कोणती हे कोणत्या कॅमेऱ्याने कुठे शिकावे? नागपूरहून परतताना चहाला थांबलो तिथे विजेची टॅक्सी चालवणारा एक जण भेटला. "काका, चाकाचं ते मी बंदच ठेवतो," तो म्हणाला. "एकदा खड्डा चुकवायला गेलो तर चाक मला परत खड्ड्याकडे ओढायला लागलं. पण ब्रेकचं चालू ठेवतो. रात्री तीनला त्यानं मला एकदा वाचवलंय." विमा कंपन्यांच्या संस्थेने जे सांगितले तेच त्याने चहाच्या कपात सांगितले.

परतीच्या वाटेवर चाक पुतण्याकडे होते. पाण्यासाठी मी दारातल्या खणात हात घातला तर अर्धी भरलेली एक बाटली हाती लागली, गळ्याला सुतळीचा फास. ती कशासाठी आहे हे मला विचारावे लागले नाही. मी फास सोडला, बाटलीतले पाणी प्यायलो आणि सुतळी खिशात घातली. त्याने आरशातून पाहिले, काही बोलला नाही, आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. पुढे इगतपुरीपर्यंत आम्ही भाचीच्या साखरपुड्यातल्या जेवणाविषयी बोलत होतो.